गराजचं दार गाडीचं ऐकत नाही तेव्हा

अमेरिकेत नवी गाडी दारात आली की पहिल्याच शनिवारी दोन कामं निघतात. गाडीला फोन जोडायचा आणि गराजचं दार जोडायचं. पहिलं काम पाच मिनिटांत उरकतं. दुसऱ्यात दुपार जाते, मॅन्युअलची पानं उलटसुलट चाळली जातात, घरातून कुणीतरी "अहो, राहू द्या आता" म्हणतं आणि शेवटी जुना रिमोट पुन्हा व्हायझरला अडकवला जातो. एडिसन घ्या, फ्रीमाँट घ्या, प्लेनो घ्या. चांगल्या महागड्या गाडीच्या व्हायझरला तो करडा ठोकळा लटकलेला दिसला की समजावं, आरशाखालची तीन बटणं अजून कोरीच आहेत.

ही बटणं बहुतेक गाड्यांत होमलिंक या नावाने येतात. मिशिगनमधल्या प्रिन्स कॉर्पोरेशनकडून हे आलं. व्हायझरमध्ये दिव्याचा आरसा बसवणारी कंपनी ती हीच. १९९६ साली ती जॉन्सन कंट्रोल्सने विकत घेतली आणि २०१३ मध्ये होमलिंक जेंटेक्सकडे गेलं. जेंटेक्सचा मुख्य धंदा गाड्यांच्या आरशांचा, म्हणून आता ही बटणं बऱ्याचदा आरशाच्या खालच्या कडेलाच दिसतात. काही गाड्यांत लिअर कंपनीची कार-टू-यू ही दुसरी पद्धत असते. तिच्यात बटणं दाबायचा क्रम वेगळा असला तरी खाली सांगितलेलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

जोडणी फसली की माणूस गाडीवर चिडतो, डीलरला फोन लावतो. बहुतेक वेळा गाडीची काही चूक नसते. काम अर्धं झालेलं असतं आणि उरलेलं अर्धं गाडीच्या बाहेर, छताला टांगलेल्या मोटरपाशी जाऊन करायचं आहे, हे कुणी ठळकपणे सांगितलेलं नसतं. तेव्हा काहीही करण्याआधी एवढं ठरवा, की आपलं कुठलं अर्धं अडलंय. पहिल्या अर्ध्यात गाडी तुमच्या हातातल्या रिमोटचा सिग्नल ऐकून तो कुठल्या जातीचा आहे हे शिकते. दुसऱ्या अर्ध्यात मोटर या गाडीला आपलं म्हणून मान्य करते. दोन्हींचे इलाज वेगळे, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर करत बसलं की दुपार जाते ती तशीच.

दोन टप्पे का लागतात, याचं कारण चोरांमध्ये आहे. जुन्या मोटरींचा कोड ठरलेला असे. रिमोट नाण्याने उघडला की आत आठ, नऊ, दहा किंवा बारा इवल्याशा स्विचांची एक ओळ दिसते. तशीच ओळ मोटरवर. दोन्हीकडे स्विच सारखे लावले की झालं. आठ स्विच असले तर सगळ्या मिळून २५६ शक्यता, बारा असले तर ४०९६. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, यंत्राला मुळीच नाही. २०१५ साली सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने मॅटेल कंपनीच्या एका खेळण्यात फेरफार करून असं दार दहा सेकंदांच्या आत उघडता येतं हे जाहीरपणे दाखवून दिलं. तुमच्या रिमोटमध्ये स्विचांची ओळ सापडली तर गाडीला तो जोडणं अगदी सोपं, एका टप्प्यात होणारं काम आहे. पण माझा सल्ला विचाराल तर जोडू नका, मोटर बदला.

नव्वदच्या दशकापासून फिरता कोड आला. दर वेळी बटण दाबलं की रिमोट नवा आकडा पाठवतो, आणि पुढचा आकडा कोणता असायला हवा हे मोटरला ठाऊक असतं. कालचा आकडा कुणी हवेतून टिपून ठेवला तरी आज तो फुकट. त्यामुळेच रिमोटची नुसती नक्कल गाडीच्या कामाची नसते. गाडी रिमोटकडून कंपनी आणि फ्रिक्वेन्सी ओळखते, पण मोटरच्या दृष्टीने ती अनोळखीच राहते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत नाव चढल्याशिवाय नव्या गाडीला आत घेत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. मोटरच्या वहीत नाव चढवायचं काम म्हणजे दुसरा टप्पा.

आता पहिला टप्पा. गाडी सुरू करायची गरज नाही, वीज चालू होईल एवढंच करा. काही गाड्यांना इग्निशन पूर्ण ऑन लागतं, पण इंजिन चालवावं लागलंच तर गाडी आधी बाहेर ड्राइव्ह-वेत काढा. बंद गराजमध्ये, किंवा दार अर्धवट उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून बटणांशी खेळत बसणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रिमोटमध्ये नवी बॅटरी घाला. हा सल्ला इतका साधा आहे की लोक तो वाचून पुढे जातात. दार उघडतंय म्हणजे बॅटरी ठीक, हा हिशेब इथे चालत नाही. दार उघडायला मोटरपर्यंत क्षणभर सिग्नल पोचला तरी पुरतं. गाडीला शिकवताना मात्र तो अर्धं मिनिट, कधी पूर्ण मिनिट, एकसारखा आणि स्वच्छ लागतो. शिकागोच्या जानेवारीत थंडगार गाडीत पडून राहिलेला रिमोट इथे हमखास दगा देतो. बऱ्याच रिमोटांत सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते, वॉलग्रीन्समध्येही मिळते.

गाडीत आधीचं काही भरलेलं असेल तर ते पुसून सुरुवात करा. कडेची दोन बटणं एकत्र दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, साधारण दहा ते वीस सेकंद. एक लक्षात ठेवा: याने तिन्ही बटणं पुसली जातात. एका बटणावर कॉम्प्लेक्सचं गेट भरलेलं असेल तर तेही जाईल. एकच बटण नव्याने भरायचं असलं तर पुसायच्या भानगडीत पडू नका. तेवढं एक बटण वीसेक सेकंद दाबून धरा, दिवा सावकाश लुकलुकायला लागला की बोट न काढता रिमोट जवळ आणून पुढचं काम सुरू करा.

रिमोट बटणांपासून तीन ते आठ सेंटिमीटरवर धरा. चिकटवू नका. आता गाडीचं बटण आणि रिमोटचं बटण एकाच वेळी दाबा आणि धरून ठेवा. दिवा आधी सावकाश लुकलुकेल. मग एकदम लय बदलेल, भराभर लुकलुकेल. रंगीत दिव्याच्या आरशात नारिंगीचा हिरवा होईल. लय बदलली किंवा रंग बदलला की दोन्ही बटणं सोडा. पहिलं अर्धं झालं. लोक धीर सोडतात तो साधारण पंधराव्या सेकंदाला. बोट दुखतं, वाटतं काही होत नाही, आणि हात काढला जातो. पूर्ण मिनिट जाऊ द्या.

मिनिटभर थांबूनही दिवा सावकाशच राहिला तर रिमोटचा कोन बदला, तो उलटा धरा, दोन-तीन सेंटिमीटर मागे-पुढे करा. रिमोटचा अँटेना कुठल्या टोकाला आहे ते बाहेरून दिसत नाही. काही गाड्यांत चूक जागेचीच असते: बटण दिसतं तिथे ऐकणारा भाग नसतो. टेस्लात तो पुढच्या बंपरपाशी असतो, म्हणून पडद्यावर सूचना वाचून, गाडीच्या पुढे उभं राहून, रिमोट बंपरजवळ धरावा लागतो. काही ऑडी गाड्यांतही पुढच्या बंपरकडेच जावं लागतं. आरशासमोर रिमोट धरून तासभर बसलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मॅन्युअल लिहिणाऱ्याला शिव्या घालतो. टेस्लावाल्यांसाठी आणखी एक: २०१९पासून मॉडेल ३मध्ये होमलिंक मूळ किमतीत येत नाही, वेगळे पैसे भरून बसवून घ्यावं लागतं. मेनूमध्ये होमलिंकचं चिन्हच सापडत नसेल तर शोधणं थांबवा, ते गाडीत नाहीच.

कॅनडातल्या वाचकांची अडचण वेगळी आहे. तिथल्या नियमांनुसार रिमोट एक-दोन सेकंद सिग्नल देऊन आपोआप गप्प होतो, तुम्ही बटण धरून ठेवलं तरी. गाडीला मात्र सलग ऐकायचं असतं. उपाय असा, की गाडीचं बटण एका हाताने धरूनच ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने रिमोटचं बटण दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबत राहायचं, दिव्याची लय बदलेपर्यंत. अमेरिकेतही काही कम्युनिटी गेटांचे रिमोट असेच अर्धवट बोलतात. टोरांटोहून ह्यूस्टनला आलेल्या माणसाला ही युक्ती ठाऊक असते, ह्यूस्टनच्या शेजाऱ्याला नसते.

पहिलं अर्धं झालं की लगेच परीक्षा घ्या. गाडीचं बटण एकदा दाबून दिव्याकडे बघा. दिवा स्थिर लागला आणि दार हललं, तर कोड ठरलेला होता, काम संपलं. दिवा दोन सेकंद भराभर लुकलुकून मग स्थिर झाला, किंवा हिरवा दिवा लुकलुकत राहिला, आणि दार ढिम्म, तर अभिनंदन: गाडी शिकली आहे, मोटर फिरत्या कोडची आहे आणि तुम्हाला शिडी आणायची आहे. इथेच बहुतेकांना वाटतं की जोडणी फसली. ते पुन्हा पुसतात, पुन्हा शिकवतात, पुन्हा पुसतात. खरं तर गाडीपुरतं सगळं केव्हाच झालेलं असतं.

शिडी मोटरखाली लावा. मोटरच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला, कधी दिव्याच्या पारदर्शक झाकणाआड, जिथून अँटेनाची तार लोंबते त्याच्या आसपास एक बटण असतं. त्याला लर्न बटण म्हणतात. ते दाबून लगेच सोडायचं. शेजारी छोटा दिवा लागतो आणि तुमच्याकडे साधारण तीस सेकंद असतात. तेवढ्यात गाडीत येऊन तेच बटण दोन सेकंद दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, लागलं तर तिसऱ्यांदा. मोटरचा दिवा चमकला किंवा आत कट-कट आवाज आला की नाव चढलं. त्यानंतरच्या दाबण्याला दार चालू होतं.

तीस सेकंदांत शिडीवरून उतरून, गाडीचं दार उघडून, बसून, बटण गाठणं हे एकट्याचं काम नाही, आणि घाईत शिडीवरून पडण्याइतकं महत्त्वाचं तर नाहीच. गाडीत कुणालातरी बसवा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईलाही हे सहज जमतं. "आई, मी हो म्हटलं की मधलं बटण. दाब, दोन मोज, सोड. मग परत." "अरे, दार माझ्या अंगावर नाही ना येणार?" "तू गाडीत आहेस, आई. हो!" एवढ्यावर काम होतं. तेवढ्या वेळात दाराच्या वाटेत कुणी उभं नाही आणि नातवंडं गराजबाहेर आहेत याची खात्री मात्र करून घ्या, कारण दार त्या क्षणी खरंच चालू होऊ शकतं.

लर्न बटणाबद्दल एक सक्त ताकीद. ते दाबून सोडायचं असतं, धरून ठेवायचं नसतं. सहाएक सेकंद धरून ठेवलंत तर मोटर आपली सगळी वही पुसते: तुमचा जुना रिमोट, बायकोच्या गाडीचं बटण, मुलांना शाळेतून आल्यावर लागणारा दारापाशी लावलेला कीपॅड, सगळं. एका गाडीचं काम तीन-चार जोडण्यांचं होतं.

शिडीवर चढलाच आहात तर त्या बटणाचा रंग बघून ठेवा. फोनवर फोटो काढलात तर उत्तम. चेंबरलेन, लिफ्टमास्टर आणि बऱ्याच क्राफ्ट्समन मोटरींत हा रंगच पुष्कळ काही सांगतो. हिरवं बटण म्हणजे १९९३ ते ९६च्या सुमाराचं यंत्र, ३९० मेगाहर्ट्झ. नारिंगी किंवा लालसर म्हणजे त्यानंतरचं, तेही ३९०. जांभळं म्हणजे २००५नंतरचं, ३१५ मेगाहर्ट्झ. पिवळं म्हणजे २०११पासून आलेली सिक्युरिटी प्लस २.० ही पद्धत, जी एकाच दाबण्यात वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर बोलते. होमलिंकचा पल्ला साधारण २८८ ते ४३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे फ्रिक्वेन्सी सगळ्यांची बसते. अडतं ते भाषेत. जांभळ्यापर्यंतची बटणं बहुतेक गाड्यांना कळतात. पिवळ्याचं तसं नाही.

घोटाळ्याचं खरं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. तुमची गाडी २००८ची किंवा २०१०ची आहे आणि गेल्या वर्षी जुनी मोटर मोडली म्हणून नवी बसवलीत. नवीचं बटण पिवळं. गाडीचं होमलिंक त्या पद्धतीच्या जन्माआधीचं, त्यामुळे तुम्ही कितीही वेळा पुसा आणि शिकवा, ते जमायचं नाही. गंमत म्हणजे कधी कधी पहिला टप्पा पार पडल्यासारखा दिसतो, दिवा भराभर लुकलुकतो, आणि दुसऱ्या टप्प्यात मोटर काही केल्या दाद देत नाही. पुढचा अख्खा रविवार शिडीवर घालवू नका. यासाठी कम्पॅटिबिलिटी ब्रिज नावाची छोटी डबी मिळते. ती गराजमधल्या सॉकेटला लावायची. ती गाडीची जुनी भाषा ऐकते आणि मोटरशी नव्या भाषेत बोलते. म्हणजे जोडण्या दोन होतात: गाडी डबीला, डबी मोटरला. डबी मागवण्याआधी होमलिंकच्या संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बटणाचा रंग घालून बघा, तिथे तुमच्या जोडीला डबी लागते की नाही ते सांगतात.

जिनीची मोटर असेल तर रंगांचा हा हिशेब विसरा. जिनीची फिरत्या कोडची पद्धत इंटेलिकोड, आणि तिचे नवे रिमोट ३१५ आणि ३९० अशा दोन्ही फ्रिक्वेन्सींवर बोलतात. नव्या यंत्रांत प्रोग्रॅमचं चौकोनी बटण गोल दिवा निळा होईपर्यंत दाबून सोडायचं. मग लांबट दिवा जांभळा लुकलुकायला लागतो, तेव्हा गाडीचं बटण सावकाश, एका दाबण्यानंतर थोडं थांबून, काही वेळा दाबायचं. घाईने टकटक केलं तर ते ओळखत नाही. जिनीवाल्यांची बहुतेक तक्रार या टकटकीची असते.

आता त्या गोष्टी, ज्या जोडणीचा दोष वाटतात पण नसतात. भिंतीवरच्या पॅनेलवर लॉक किंवा व्हेकेशन असं बटण असतं. भारतात जाताना कुणीतरी ते दाबून ठेवतं, महिन्याने परत आल्यावर विसरतं, आणि मोटर कुठल्याच रिमोटचं ऐकत नाही. भिंतीवरचं बटण मात्र चालतं, म्हणून संशय जातो गाडीवर. पॅनेलवरचा दिवा लुकलुकतोय का ते बघा आणि लॉकचं बटण दोन-तीन सेकंद धरून सोडा.

दार उघडतं पण बंद होत नाही, थोडं खाली येऊन परत वर जातं, मोटरचा दिवा लुकलुकतो: हे तर जोडणीचं दुखणं मुळीच नाही. गाडी मोटरला सांगतेय आणि मोटर ऐकतेय. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत लावलेले ते दोन डोळे एकमेकांना बघत नाहीयेत. १ जानेवारी १९९३नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती मोटरला अशी सोय अमेरिकेत सक्तीची आहे. कोळ्याचं जाळं, धक्का लागून तिरकी झालेली पट्टी, किंवा संध्याकाळी नेमकं डोळ्यात जाणारं ऊन, एवढ्याने हे होतं. फडक्याने पुसा, सरळ करा, दोन्हींवरचे बारीक दिवे स्थिर लागले की झालं. आणि तुमच्या मोटरला हे डोळेच नसतील, तर गाडीतून, दार नजरेआड असताना चालवण्याच्या लायकीची ती नाही. होमलिंकच्या सूचनांतही दार अडथळ्याला थांबून उलटं फिरत नसेल तर वापरू नका असंच बजावलेलं असतं.

गाडी अगदी दारापाशी आणल्यावरच बटण चालतं, रस्त्यावरून चालत नाही, असं असेल तर मोटरमधला बल्ब काढा. गंमत नाही. स्वस्तातल्या काही एलईडी बल्बांतलं इलेक्ट्रॉनिक्स असा रेडिओ गोंगाट करतं की शेजारी बसलेल्या अँटेनाला दुसरं काही ऐकू येत नाही. बल्ब काढून बघा. पल्ला एकदम वाढला तर दोषी सापडला. गराज मोटरसाठी म्हणून वेगळे एलईडी बल्ब मिळतात, ते आणा. त्याच फेरीत अँटेनाची तार बघा. ती मोटरखाली मोकळी लोंबायला हवी. बसवणाऱ्याने नीटनेटकेपणासाठी ती गुंडाळून पट्टीने बांधलेली असते, ती सोडा. कापू तर मुळीच नका.

लष्करी तळाजवळ राहणाऱ्यांना आणखी एक कारण असू शकतं. अमेरिकन संरक्षण खात्याने २००४च्या आसपास तळांवर ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले नवे रेडिओ वापरायला सुरुवात केली, आणि फ्लोरिडातल्या एग्लिन तळापासून कोलोरॅडो स्प्रिंग्जपर्यंत आजूबाजूची गराजं अचानक मुकी झाली. तो पट्टा मुळात सरकारचाच, गराजवाले तिथे कमी ताकदीवर, विनापरवाना वावरणारे. ३९०वाल्यांना दाद मागायची सोय नव्हती. कंपन्या ३१५कडे वळल्या त्यामागे हेही एक कारण आहे. तुमचं नारिंगी बटण आणि शेजारी तळ असेल, तर गाडीत काही बदलू नका, मोटरचा रिसीव्हर बदला.

कम्युनिटी गेटचं प्रकरण वेगळं. तिथले रिमोट बहुतेकदा लिनिअर किंवा मल्टी-कोड जातीचे, ३१८ किंवा ३०० मेगाहर्ट्झवर बोलणारे, फिरत्या कोडचे नसणारे. त्यांना शिडी लागत नाही, पहिला टप्पाच पुरतो, फक्त वर सांगितलेली सोडून-दाबण्याची युक्ती करावी लागते. काचेला चिकटवलेला टॅग लावून उघडणारं गेट असेल तर ते होमलिंकमध्ये येणार नाही, कारण तो टॅग रिमोटसारखा बोलतच नाही. आणि गेटच्या मोटरवर लर्न बटण शोधायला जाऊ नका. ती एचओएची मालमत्ता आहे, मॅनेजमेंटला सांगा.

एवढं करून पहिल्याच टप्प्यात दिवा बदलत नसेल, तर गाडी खरंच निकामी आहे का ते तपासायचा एक उपाय आहे. शेजाऱ्याचा वेगळ्या कंपनीचा रिमोट पाच मिनिटांसाठी मागून आणा आणि गाडीला तो शिकवून बघा. दिवा बदलला तर गाडी धडधाकट आहे, गडबड तुमच्या रिमोटची. तो दुरुस्त करत बसू नका, मोटरच्या कंपनीचा नवा आणा, आधी मोटरला आणि मग गाडीला जोडा. शेजाऱ्याचा कोड गाडीतून पुसून टाका, त्याच्या समोरच पुसलात तर जास्त बरं. दोन वेगवेगळे, नव्या बॅटरीचे रिमोट घेऊनही दिवा सावकाशच लुकलुकत राहिला, किंवा बटण दाबल्यावर दिवाच लागत नसेल, तर आधी फ्यूज बघा आणि मग डीलरकडे जा. गाडी वॉरंटीत असेल तर आरसा किंवा व्हायझर बदलून मागा. वॉरंटी संपलेली असेल आणि अख्खा आरसा बदलायची भाषा डीलर करत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: किल्लीच्या जुडग्यात मावणारा छोटा रिमोट घ्या आणि विषय मिटवा.

हे सगळं ज्या क्रमाने केलं तेच उलट्या क्रमाने करायची वेळही येते. लीजची गाडी परत करताना, विकताना, अपघातात गेलेली गाडी इन्शुरन्सवाल्यांच्या हवाली करताना आधी कडेची दोन बटणं धरून होमलिंक पुसा. गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये तुमच्या घराचा पत्ता "होम" म्हणून बसलेला असतो आणि वर दार उघडायचं बटणही. दोन्ही एकदम कुणाच्या हाती देऊ नका. अपघातात गाडी चुराडा झाली आणि पुसता आली नाही, किंवा चोरीला गेली, तर त्याच संध्याकाळी मोटरचं लर्न बटण सहा सेकंद धरा आणि वही कोरी करा. रिमोट एकेक करून पुन्हा जोडावे लागतील, त्याला इलाज नाही. घर नवं घेतलंत तर किल्ल्या हातात आल्याच्या दिवशीही हेच करायचं, कारण आधीच्या मालकाच्या किती गाड्या आणि किती पाहुणे त्या वहीत आहेत हे तुम्हाला कोण सांगणार? चेंबरलेनच्या मायक्यूसारखं ॲप त्या मोटरला जोडलेलं असेल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून मोटर काढून टाकायला लावा. ते काम क्लोजिंगच्या आधी, तो माणूस अजून फोन उचलत असताना उरकून घ्या.